रिकामा संगणक म्हणजे फुकटचा संगणक नव्हे

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की एक रकाना हमखास येतो: ‘उपलब्ध साधने’. बहुतेक जण तिथे विभागातल्या चार-सहा संगणकांची यादी देतात आणि पुढे जातात. आज आपण त्या एका रकान्याचा इतिहास बघणार आहोत. गेल्या पंचवीसेक वर्षांत वैद्यकीय संशोधनातल्या काही गटांनी या रकान्यात एक वेगळंच उत्तर लिहिलं: ‘अनोळखी लोकांच्या घरातले संगणक.’ हे उत्तर कुठून आलं, कितपत खरं ठरलं आणि त्याचे पैसे कोणी भरले, हे पेट देणाऱ्या किंवा मार्गदर्शक शोधणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

आधी थोडं गणित करू. समजा तुमच्याकडे रोगाशी संबंधित एक प्रथिन आहे आणि त्याच्या खाचेत बसू शकेल असा रेणू तुम्हाला शोधायचाय. यादीत ३० लाख रेणू आहेत. एक रेणू त्या खाचेत निरनिराळ्या कोनांतून बसवून बघायला तुमच्या संगणकाला पाच मिनिटं लागतात. म्हणजे दीड कोटी मिनिटं, अडीच लाख तास, साधारण साडेअठ्ठावीस वर्षं. पीएचडी पाच वर्षांत संपवायची असते! आता हेच काम एक हजार संगणकांना वाटून द्या. साडेदहा दिवस. कुठलाही नवा शोध न लावता, फक्त वाटणी करून.

हजार संगणक आणायचे कुठून? मी खराडीत राहतो. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेलं हे नगर रस्त्यालगतचं, मुळा-मुठेच्या काठचं गाव. आता इथे इऑन आयटी पार्क आहे, झेन्सार आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे आणि त्यांच्या भोवती हजारो फ्लॅट. त्यातल्या बहुतेक घरांत एकतरी संगणक, काही घरांत तीन. दिवसातला बराच वेळ ते एकतर बंद असतात, नाहीतर चालू राहून काहीच करत नसतात. आपला प्रश्न या ‘काहीच करत नसतात’पाशी सुरू होतो.

रात्रीच्या रिकाम्या यंत्रांची पहिली गोष्ट

रिकाम्या संगणकाकडून काम करून घ्यायची कल्पना घरगुती इंटरनेटपेक्षा जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हुप यांनी काही प्रोग्राम लिहिले. रात्री ऑफिसातली यंत्रं रिकामी झाली की हे प्रोग्राम एकेका यंत्रावर जाऊन बसायचे आणि काम वाटून घ्यायचे. त्यांनी त्याला ‘वर्म’ म्हटलं. एका रात्री एका वर्ममध्ये बिघाड झाला. सकाळी लोक कामावर आले तर कित्येक यंत्रं बंद पडलेली, आणि चालू करायला जावं तर वर्म पुन्हा त्यात शिरायचा. १९८२ मध्ये त्यांनी हा सगळा अनुभव, बिघाडासकट, शोधनिबंधात मांडला.

हा निबंध तुम्ही जरूर वाचा, तंत्रासाठी कमी आणि त्यातल्या सरळपणासाठी जास्त. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला प्रोग्राम चालवायचा, तर ‘तो नीट चालतो’ एवढं पुरत नाही. ‘तो नीट थांबतो’ हेही सिद्ध करावं लागतं, हे तिथे पहिल्यांदा ठळकपणे कळलं. १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने ‘काँडोर’ ही प्रणाली उभी केली तिचा पायाही हाच होता: मालक परत कीबोर्डवर बसला की पाहुण्याने निमूटपणे उठायचं.

त्याच वेळी पुण्यात

आता १९८८ सालच्या पुण्यात या. अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, म्हणून भारत सरकारने पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन केली. तिचं नेतृत्व केलं अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकर यांनी. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. आपण ‘देशी महासंगणक’ म्हणून त्याचा अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. पण त्याच्या पोटात काय होतं, हे आपल्या विषयासाठी महत्त्वाचं. त्यात एकच राक्षसी यंत्र नव्हतं. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. म्हणजे वाटणीचं तत्त्व इथेही तेच.

मग घरातले हजार संगणक आणि परम यांत फरक काय? फरक जोडणीत आहे. ढोल-ताशा पथक आठवा. पन्नास ढोल एका ठेक्यावर वाजायचे तर प्रत्येकाला प्रत्येक क्षणी बाकीच्यांचं ऐकावं लागतं. एक चुकला की सगळ्यांचा ठेका बिघडतो. हवामानाचं भाकीत हा असा प्रश्न आहे. पुण्याच्या आकाशाच्या तुकड्याचं गणित करायला शेजारच्या तुकड्याचा ताजा आकडा लागतो, तोही क्षणोक्षणी. अशा कामाला परमसारखी, आतून घट्ट जोडलेली यंत्रंच हवीत.

आता दहावीचे पेपर तपासणं आठवा. बोर्ड गठ्ठे करतं, परीक्षकांना वाटतं. खराडीतल्या परीक्षकाला जालन्यातल्या परीक्षकाशी एक शब्दही बोलावा लागत नाही. गठ्ठा पूर्ण झाला की परत पाठवायचा, एवढंच. रेणू तपासण्याचं आपलं काम या जातीचं आहे. एका रेणूच्या गुणांचा दुसऱ्या रेणूशी संबंध नाही.

तुमचा प्रश्न पथकाच्या जातीचा की पेपर तपासणीच्या जातीचा, हे आराखडा लिहिण्याआधीच ठरवा. पेपर तपासणीच्या जातीच्या कामासाठी महासंगणकाच्या रांगेत वर्षभर थांबलेले लोक असतात. आणि पथकाच्या जातीचं काम सुट्या संगणकांवर टाकून वैतागलेलेही असतात.

पुण्याने पुढे मोठ्या यंत्राच्या वाटेवर नाव काढलं. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांच्या सीआरएल या पुण्यातल्या कंपनीचा ‘एका’ महासंगणक जगाच्या क्रमवारीत चौथा आला, वेग सुमारे ११८ टेराफ्लॉप्स. आज आयसर पुण्यात ‘परम ब्रह्म’ आहे. पण अशा यंत्रावर वेळ मिळायला संस्था लागते, प्रकल्प लागतो, कोणाची तरी शिफारस लागते. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवत पीएचडी करणाऱ्याला हे सहज मिळत नाही. म्हणूनच दुसऱ्या वाटेचा इतिहास आपल्यासारख्यांनी जास्त लक्ष देऊन वाचायचा.

आकाशातून शरीरात

ही दुसरी वाट १९९६ मध्ये गणितापासून सुरू झाली. जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायला इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांना हाक दिली. १७ मे १९९९ रोजी बर्कलीतून ‘सेटी ॲट होम’ सुरू झालं. अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींत परग्रहवासीयांचा संकेत सापडतो का, हे लोकांच्या स्क्रीनसेव्हरने शोधायचं. पन्नास लाखांहून जास्त लोक कधी ना कधी त्यात सामील झाले. परग्रहवासी काही सापडले नाहीत, पण एक गोष्ट पक्की झाली: माणसं अनोळखी प्रश्नासाठी आपलं यंत्र देतात.

लगेच जीवशास्त्रवाले पुढे आले. २००० च्या ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांनी ‘फोल्डिंग ॲट होम’ सुरू केलं. त्याच वर्षी स्क्रिप्स संस्थेतल्या आर्थर ओल्सन यांच्या प्रयोगशाळेने ‘फाइट एड्स ॲट होम’ सुरू केलं. २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या ग्रॅहम रिचर्ड्स यांच्यासोबत युनायटेड डिव्हायसेस आणि इंटेल या कंपन्यांनी कर्करोगाच्या रेणूंसाठी असाच प्रकल्प काढला.

इथे दोन वेगळी कामं आहेत, त्यांची गल्लत करू नका. परीक्षेतही हे विचारतात.

पहिलं काम घडीचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती दुमडून ठरावीक आकार घेते, तेव्हाच कामाची होते. दुमडणं चुकलं की अल्झायमरसारख्या आजारांशी त्याचा संबंध येतो. माळेतला प्रत्येक सांधा कोणत्या कोनांत वळू शकतो, याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसोबत मांडला. जगभर आजही प्रथिनाची रचना तपासताना ‘रामचंद्रन आलेख’ काढतात. १९६९ च्या सुमारास सायरस लेव्हिंथल यांनी गंमत दाखवून दिली: माळ सगळे शक्य आकार एकेक करून बघायला लागली, तर विश्वाचं वय पुरणार नाही. प्रत्यक्षात मात्र ती क्षणार्धात दुमडते. मग कोणत्या वाटेने? फोल्डिंग ॲट होम या वाटांचा माग काढत होतं. एक लांब प्रवास सलग बघण्याऐवजी हजारो छोटे प्रवास वेगवेगळ्या संगणकांवर चालवायचे आणि संख्याशास्त्राने ते सांधायचे, ही त्यांची युक्ती. म्हणजे पथकाच्या जातीच्या प्रश्नाला त्यांनी पेपर तपासणीच्या जातीत आणून बसवलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी बौद्धिक कामगिरी हीच.

दुसरं काम ‘डॉकिंग’चं. कुलूप दिलेलं आहे, किल्ली शोधायची. ओल्सन यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं ‘ऑटोडॉक’ हे सॉफ्टवेअर तुमच्यापैकी जैवमाहितीशास्त्रवाल्यांनी एम.एस्सी.ला वापरलंच असेल. तुम्ही प्रॅक्टिकलला दहा रेणू बसवून बघितले असतील. तिथे लाखो बसवत होते.

अनोळखी माणसाच्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी खरं थांबावं ते इथे. तुमचा आकडा अशा यंत्रावर निघालाय जे तुम्ही कधी पाहिलं नाही. ते जुनं असेल, तापत असेल, मालकाने त्याचा वेग ताणून वाढवलेला असेल. आणि काही लोक चक्क फसवतात. सेटीमध्ये जास्त गठ्ठे पूर्ण केलेल्यांची क्रमवारी लागायची. पैसे नव्हते, बक्षीस नव्हतं, नुसतं नाव वर दिसावं म्हणून लोकांनी खोटे निकाल पाठवले.

उपाय पुन्हा बोर्डाच्या परीक्षेसारखाच. एकच गठ्ठा दोन वेगवेगळ्या अनोळखी परीक्षकांना द्यायचा. गुण जुळले तरच धरायचे, नाहीतर तिसऱ्याकडे. २००२ पासून बर्कलीत डेव्हिड अँडरसन यांनी ‘बॉइंक’ ही मुक्त प्रणाली उभी केली, तिच्यात ही सोय होती. दुसरी सोय म्हणजे मधूनमधून काम जतन करणं. लाइट गेली तर सुरुवातीपासून नको, शेवटच्या जतन केलेल्या जागेपासून पुढे. प्रत्येक विद्याशाखेला आपली सॉफ्टवेअर-यंत्रणा नव्याने लिहायची गरज उरली नाही.

१६ नोव्हेंबर २००४ रोजी आयबीएमने ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ सुरू केलं. कल्पना अशी की संशोधकाने फक्त प्रश्न आणायचा, ग्रिड सांभाळायचं काम त्यांचं. अट मात्र होती: निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवायचे. एड्स, डेंग्यू, मलेरिया, क्षयरोग असे प्रश्न तिथे आले. हे आजार आपल्याला काही परके नाहीत.

दुप्पट काम करून घेणं म्हणजे निम्मी शक्ती वाया घालवणं, असं वाटेल. पण तुमच्या स्वतःच्या प्रयोगाला हाच प्रश्न विचारून बघा. एकदाच मोजलेला आकडा तुम्ही प्रबंधात घालणार का?

लोडशेडिंगच्या दिवसांत

आता याच काळातला महाराष्ट्र. २००५-०६ मध्ये गावोगाव लोडशेडिंग होतं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड नुकतं घरात आलं होतं आणि रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट, म्हणून लोक गजर लावून उठायचे. ‘चोवीस तास चालू ठेवलेला घरचा संगणक’ ही कल्पनाच तेव्हा श्रीमंती होती. त्यामुळे या इतिहासाचा पहिला अंक अमेरिका-युरोपात घडला याचं कारण आपल्याकडे औदार्य कमी होतं हे नव्हे. आपल्याकडे वीज कमी होती.

गंमत अशी की नेमकं त्याच वेळी, २००६ मध्ये, पुण्याने ‘रिकामं पडलेलं उसनं घ्यायचं’ हे तत्त्व विजेच्याच बाबतीत वापरलं. कारखान्यांकडे अडीअडचणीसाठी ठेवलेले जनरेटर होते, एरवी रिकामे. तुटीच्या वेळात कारखान्यांनी आपली गरज त्यावर भागवायची, म्हणजे ग्रिडवर तेवढी वीज वाचेल आणि शहरातलं लोडशेडिंग टळेल. सीआयआय ही उद्योगांची संघटना, प्रयास ऊर्जा गट, महावितरण आणि राज्य वीज नियामक आयोग यांच्या चर्चेतून हे ‘पुणे मॉडेल’ उभं राहिलं. आपल्याला त्यातला एकच मुद्दा घ्यायचाय. जनरेटर रिकामे होते, पण ते चालवायला इंधन लागतं आणि ती वीज महाग पडते. तो जादा खर्च कोणी सोसायचा, हे आयोगापुढे उघडपणे ठरलं आणि तो पुण्यातल्या ग्राहकांच्या बिलात आकार म्हणून लागला.

संगणकाच्या बाबतीत ही चर्चा फारशी उघडपणे झालीच नाही. ‘तुमच्या संगणकाचा रिकामा वेळ द्या’ असं आवाहन असायचं, जणू त्याला काही पडत नाही. हिशेब करा. संगणक नुसता चालू असणं आणि पूर्ण ताकदीने गणित करणं यांत समजा १०० वॅटचा फरक. रोज दहा तास, महिनाभर: ३० युनिट. चांगलं ग्राफिक्स कार्ड जुंपलं आणि फरक २५० वॅटचा झाला, तर ७५ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर पुढचा टप्पा लागतो, म्हणजे हे जादा युनिट वरच्या दराने पडतात. एप्रिल-मेमध्ये त्याच खोलीत पंखा जोरात फिरतो तो वेगळा. हे देऊ नका असं मी म्हणत नाहीये. देणगी आहे तर तिला देणगी म्हणा, रक्कम सांगा आणि घरात बिल भरणाऱ्याला विचारा.

यंत्र कोणाचं?

खराडीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. इथे घरोघरी दिसणारे लॅपटॉप बऱ्याचदा घरच्यांचे नसतातच, कंपनीचे असतात.

एक जुनी घटना सांगतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका तांत्रिक महाविद्यालयाच्या संगणक-व्यवस्थापकाने १९९९ मध्ये महाविद्यालयाच्या यंत्रांवर असाच एक स्वयंसेवी गणनेचा प्रोग्राम टाकला. हेतू पैशाचा म्हणावा असा नव्हता. पण परवानगी नव्हती. त्याच्यावर फौजदारी खटला झाला, काही लाख डॉलरच्या नुकसानीचा दावा लागला आणि वर्षानुवर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आली. शेवटी २००२ च्या जानेवारीत तडजोड होऊन एका वर्षाची प्रोबेशन, थोडा दंड आणि समाजसेवा यांवर सुटका झाली. शिक्षेच्या मागणीत अतिरेक होता, असं तेव्हाही अनेकांना वाटलं. तरी मूळ मुद्दा शिल्लक राहतो: यंत्र रिकामं आहे म्हणून ते आपलं होत नाही. विभागातल्या लॅबमध्ये सुट्टीत पंचवीस संगणक नुसते पडून आहेत हे खरं, पण आधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी, मग बाकीचं.

आणि हो, वाटून देण्याच्या कामात रुग्णांची माहिती कधीही कच्च्या रूपात बाहेर जाता कामा नये. असे बहुतेक प्रकल्प रेणू आणि प्रथिनांचे का असतात, याचं हेही एक कारण. रेणूला नाव-गाव नसतं.

हाती काय लागलं?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. इतकी वर्षं, इतकी वीज, मग औषध कुठे आहे?

एक ठोस उदाहरण घ्या. जपानमधल्या चिबा इथल्या अकिरा नाकागावारा यांच्या गटाने लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगासाठी वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर ३० लाख रेणू तपासले. २०१४ मध्ये त्यांनी सात आशादायक रेणू जाहीर केले. तीस लाखांतून सात. आपण सुरुवातीला केलेलं गणित याच मापाचं होतं. पण सात रेणू म्हणजे सात औषधं नव्हेत. उंदरांवरून माणसांपर्यंतची वाट वर्षांची असते आणि ती संगणकाने छोटी होत नाही. गठ्ठा तपासून देणाऱ्या स्वयंसेवकाला हे प्रामाणिकपणे सांगणं संशोधकाचं काम आहे.

दुसरं उदाहरण २०२० चं. कोविड आला आणि फोल्डिंग ॲट होमचे सक्रिय संगणक काही आठवड्यांत तीसेक हजारांवरून लाखोंवर गेले. मार्चच्या अखेरीस त्यांची एकत्रित शक्ती एक एक्साफ्लॉपच्या पुढे गेली. जगातला कुठलाही एकटा महासंगणक तोवर तिथे पोचला नव्हता. मजा बघा, त्या दिवसांत देणाऱ्यांची रांग लागली आणि वाटायला कामच उरलं नाही! गठ्ठे तयार करणारे सर्व्हर आणि ते सांभाळणारी मोजकी माणसं, अडलं ते तिथे. ग्रेग बोमन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी विषाणूचं काटेरी प्रथिन कसं उघडतं आणि एरवी न दिसणाऱ्या खाचा कुठे आहेत, हे दाखवलं. ‘कोविड मूनशॉट’ या खुल्या प्रकल्पात रेणूंची निवड करायला हीच शक्ती वापरली गेली. मूनशॉटने आपली माहिती कोणापासून लपवली नाही. तिथे खुल्या केलेल्या स्फटिक-रचनांचा उपयोग जपानमधल्या शिओनोगी कंपनीला एन्सिट्रेलव्हिर शोधताना झाला आणि त्या औषधाला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जपानने तातडीची मान्यता दिली. श्रेय एकट्या कोणाचं नाही. पण उघड्यावर ठेवलेलं काम दुसऱ्याच्या हाती लागून पुढे जातं, याचा हा पुरावा.

तिसरी गोष्ट यंत्रांपलीकडची. २००८ मध्ये सीएसआयआरने समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ सुरू केलं, क्षयरोगासाठी. तिथे क्षयाच्या जिवाणूच्या सुमारे चार हजार जनुकांची माहिती नव्याने लावायचं काम देशभरच्या विद्यार्थ्यांना वाटून दिलं. संगणकाचा रिकामा वेळ नव्हे, विद्यार्थ्यांचा वेळ आणि डोकं. गठ्ठे, वाटणी, फेरतपासणी, सगळं तेच. आपल्या देशाने या कल्पनेला दिलेलं हे वळण मला फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे यंत्रं कमी होती आणि शिकलेली मुलं भरपूर.

गोष्ट संपली का?

३१ मार्च २०२० ला सेटी ॲट होमने नवे गठ्ठे पाठवणं थांबवलं. २०२० च्याच अखेरीस अल्फाफोल्डने प्रथिनांच्या आकाराचं भाकीत इतकं अचूक केलं की ‘घडीचा प्रश्न सुटला’ अशा बातम्या आल्या. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जंपर आणि डेव्हिड बेकर यांना मिळालं. यातल्या बेकर यांच्याच प्रयोगशाळेतून २००५ मध्ये ‘रोझेटा ॲट होम’ निघालं होतं, हे लक्षात ठेवा. पण शेवटचा आकार कळणं आणि तिथवरची हालचाल कळणं वेगळं. औषध बसतं ते बऱ्याचदा हालचालीत क्षणभर उघडणाऱ्या खाचेत. ते काम संपलेलं नाही.

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड २०२१ मध्ये आयबीएमकडून टोरोंटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेलं. २०२२ मध्ये स्थलांतराच्या अडचणींमुळे ते बरेच महिने ठप्प होतं. जगभर लाखो हात द्यायला तयार, पण मध्यभागी मोजकी माणसं. उसन्या शक्तीवर चालणाऱ्या कामाची दुखरी नस हीच: देणारे विखुरलेले असतात, पण सांभाळणारं कोणीतरी एका जागी, पगारावर असावं लागतं. त्या पगाराचा रकाना अनुदानाच्या अर्जात सगळ्यात आधी कापला जातो.

तर मग तुमच्या आराखड्यातला तो ‘उपलब्ध साधने’ रकाना. तो भरताना या पाच गोष्टी स्वतःला विचारा. माझा प्रश्न सुट्या गठ्ठ्यांत फुटतो का? एका गठ्ठ्याचं उत्तर चुकलं तर मला कळेल कसं? मध्येच लाइट गेली तर काय? यंत्र कोणाचं आणि वीज कोणाची, त्यांना विचारलंय का? आणि ज्याने दिलं त्याला मी काय परत सांगणार, कधी आणि कोणत्या भाषेत?

शेवटचा प्रश्न मार्गदर्शक बहुधा विचारणार नाहीत. तरी तो तुम्ही लिहून ठेवा. कॅनडातल्या प्रयोगशाळेने खराडीतल्या घरी गठ्ठा पाठवला, त्या घराने महिन्याला तीस युनिट जाळले आणि त्यातून निघालेला निबंध त्या घरातल्या कोणालाच वाचता आला नाही, तर देवाणघेवाण अर्धीच राहिली. ती पूर्ण करायला महासंगणक लागत नाही. दोन पानं सोप्या मराठीत लिहावी लागतात, आणि ती लिहायची सवय पीएचडी मिळाल्यावर नाही, आतापासूनच लावून घ्यायची.